मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

ड्रायव्हिंग क्लासचे मास्तर म्हणजे बडं प्रस्थ. अर्ध्या गावाला गाडी शिकवली, पण कुणाला शाबासकी दिली असेल तर शपथ! क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, त्यावर यांचा पाय कायमचा ठेवलेला. सुनेला त्यांनीच शिकवलं होतं, तरी तिच्या शेजारी बसले की पाय तिथेच.

आता डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच धूसर. धक्का बसता कामा नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. दवाखान्यातून घरी न्यायला सून आली क्लासचीच गाडी घेऊन, आणि बाहेर पाऊस नुसता धो धो.

"डोळा बरा होईपर्यंत क्लास बंद," मास्तरांनी बसल्या बसल्या जाहीर केलं. "कुणाच्या भरवशावर सोडू?"

"मी घेते ना, बाबा."

"तू?" मास्तर हसले. ते हसणं तिला चांगलंच झोंबलं असणार, पण तिनं गाडी सुरू केली.

दिसत नव्हतं, म्हणून मास्तर कान टवकारून बसले. चुका काढायला, दुसरं काय! पण पोरगी सापडेल तर ना. उतार लागायच्या आधी गिअर खाली. वळणाआधीच वेग कमी, वळणात ब्रेक नाही. पुढच्या ट्रकचा आवाज लांबून येत होता, म्हणजे अंतरही भरपूर. मागचा एकजण हॉर्न वाजवून कान किटवत होता. "वाजव राजा, हौस फिटेपर्यंत वाजव," ती म्हणाली आणि वेग तेवढाच ठेवला.

आणि एकाएकी चाकांखालचा रस्त्याचा आवाजच गेला. पाण्याच्या थरावर गाडी तरंगली! सुनेनं ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं. मास्तर जन्मभर हेच शिकवत आले होते, पाण्यावर ब्रेक मारायचा नाही. पण नेमका त्यांचाच धीर सुटला. पाय खाली गेला.

गाडीचा मागचा भाग भेलकांडला.

"बाबा, पाय!"

असा आवाज तिनं सासऱ्यांसमोर कधी काढला नव्हता. मास्तरांनी चटका बसल्यासारखा पाय उचलला. तिनं स्टिअरिंग घसरणाऱ्या बाजूला हलकेच वळवलं, मग सरळ केलं, आणि चाकांनी पुन्हा रस्ता धरला. डोळ्याला साधा हिसकाही नाही.

मास्तरांना लाज तर वाटतच होती, पण खरं सांगायचं तर अभिमानानं ऊर भरून आला होता. काय हात आहे पोरीचा!

सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा त्यांनी चाचपडत सीटखालची दांडी शोधली आणि सीट मागे सरकवली, पाय ब्रेकला पोचणार नाही इतकी.

"अवघडलंय का, बाबा?"

"नाही गं. उद्या शिकाऊ येतील, त्यांच्या शेजारी माझ्या जागेवर तू बसायचं."

"आणि तुम्ही?"

"पट्टी निघाली की मी मागच्या सीटवर. तिथे ब्रेक नसतो."