शिडीची खुंटी

"दार खाली येतं, टेकायच्या आत परत वर जातं आणि वरचा दिवा लुकलुकत बसतो!" फोनवर दातांच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. "काल दुपारी तुमची मुलगी दुरुस्त करून गेली, संध्याकाळी पुन्हा तेच! तुमचे मिस्टर कधी येतील?"

"त्यांचे गुडघे गेलेत हो," मी म्हटलं. "मुलगीच येतेय, आत्ता निघते."

"आज जमलं नाही तर मी दुसरा माणूस बोलावणार."

आमचे हे खुर्चीतून कान टवकारून ऐकत होते. गॅरेजची बटणावर उघडणारी दारं दुरुस्त करण्यात ह्यांचा जन्म गेला. डॉक्टरांनी शिडी बंद केली आणि हातात काठी दिली. ती ह्यांनी कपाटामागे फेकली. भिंत धरून चालतील, पण काठी नको. खुंटीवरची शिडी मात्र रोज पुसायची.

लेकीने कपड्यांच्या दुकानातली नोकरी सोडून ह्यांचं काम हाती घेतलं होतं. हात चांगला होता तिचा. पण जिथे जाईल तिथे गिऱ्हाईक विचारणार, "बाबा नाही आले?" त्यात ह्यांचं तोंड म्हणजे वाहता नळ. ती पोचायच्या आत ह्यांचा फोन हजर: साखळी बघ, रिमोटचा सेल बघ, स्प्रिंगला हात लावू नकोस.

तिने खुंटीवरून शिडी काढली. "बाबा, आज फोन करायचा नाही. सगळं तुम्हीच सांगणार असाल तर मी काय, नुसती शिडी वाहणारी हमाल? हे दार मला जमलं नाही ना, तर मी आपली दुकानात परत जाते."

ती गेल्यावर मी विचारलं, "काय झालं असेल हो दाराला?"

"ऊन," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीजवळ, दोन डोळे असतात. एक किरण सोडतो, दुसरा झेलतो. मध्ये कोणी आलं की झेलणाऱ्याला तो दिसत नाही आणि दार परत वर जातं. माणूस चिरडू नये म्हणून. पण संध्याकाळचं तिरकं ऊन त्या डोळ्यात गेलं की तो दिपतो. दुपारी दार आपलं शहाण्यासारखं वागतं."

"अहो, मग सांगा की तिला!"

"सांगू?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगितलं तर दार बंद होईल आणि पोरगी दुकानात जाईल. नाही सांगितलं तर गिऱ्हाईकही जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेवढ्यात तिचाच फोन आला. आवाज रडवेला. "बाबा, दाराचे डोळे पुसले, सरळ केले, वायर तपासली. बाई डोक्यावर उभ्या आहेत. तुम्हाला माहीत असणारच. सांगून टाका एकदाचं."

ह्यांनी तोंड उघडलं. मग त्यावर हात ठेवून बंद केलं. जागेपणी गप्प बसलेले हे मी पहिल्यांदाच पाहिले. शेवटी म्हणाले, "इथे बसून मला काय कळणार, बाळ? दुपारी काय नव्हतं आणि आत्ता काय आहे, ते बघ."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अर्धं तर सांगितलंतच."

"उरलेलं अर्धं पोटात दुखतंय," हे म्हणाले आणि भिंत धरत खिडकीशी गेले. ऊन उतरत चाललं होतं. "मावळलं की दार आपोआप चालायला लागेल, आणि तिला कधीच कळणार नाही. थांब रे बाबा जरा," हे सूर्याला म्हणाले. मला हसू आलं, पण मीही खिडकीशी जाऊन उन्हाकडे बघत उभी राहिले.

ऊन समोरच्या कौलांवर गेलं तेव्हा फोन वाजला.

"बाबा, ऊन! मी बाजूला वाकले, माझी सावली त्या डोळ्यावर पडली आणि दार गुपचूप बंद! मग डोळ्यांची अदलाबदल केली. झेलणारा आता सावलीत आहे. बाई लहान मुलासारख्या बटण दाबत बसल्यात!"

"ऊन? अरे वा!" हे म्हणाले. "माझ्या तर डोक्यातच आलं नसतं."

मी तोंडाला पदर लावला. चहात साखर कमी पडली तरी 'मी तेव्हाच म्हटलं होतं' म्हणणारा हा माणूस!

"पुढच्या वेळी तुलाच फोन करीन म्हणाल्या. माझा नंबर घेतला."

"छान झालं," हे म्हणाले. "माझा पुसून टाका म्हणावं." ह्यांचे डोळे भरून आले होते, आणि आनंद तर तोंडभर होता.

ती घरी आली, शिडी खुंटीला लावायला गेली.

"तिथे नको," हे म्हणाले. "तुझ्या गाडीवरच असू दे. रोज कशाला काढघाल?"

जेवणं झाल्यावर ह्यांनी माझ्याकडून फडकं मागून घेतलं. कपाटामागची काठी काढली, मुठीपासून टोकापर्यंत नीट पुसली आणि त्या खुंटीला लावली.

"रिकामी बरी दिसत नाही," म्हणाले.