उलट्या तोंडाचा मासा

अस्लाक घरी पाइनच्या लाकडाच्या गोल चकत्या आणायचा आणि त्याची बायको थोरा त्या चुलीत घालायची. "आजच्या आज जाळ," एवढंच तो सांगायचा. ती जाळायची. चकत्या भुरभुर पेटत, कॉफी लवकर व्हायची, आणि फुकटच्या सरपणाला कुणी नावं ठेवत नाही.

चकत्या कुठून येतात हे तिला कळत नव्हतं असं नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या नदीकाठावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हिवाळ्यात तोडलेल्या ओंडक्यांच्या टोकांवर जो तो आपापल्या खुणेचा हातोडा मारतो, बर्फ वितळला की सगळ्यांचे ओंडके एकाच नदीत लोटले जातात, आणि खाली साखळ्यांच्या अडसरापाशी खुणा बघून ज्याचे त्याला वाटले जातात. मधल्या वाटेत कुणी ओंडका आडबाजूला ओढला, टोकं कापली, सालीवरची खूण सोलली, की तो झाला बेवारस. मग आपला हातोडा मारायचा आणि मालक व्हायचं. अस्लाक ज्या मोरिसीच्या टोळीत होता, ती टोळी बेटामागे हेच करायची. "कंपन्यांचे डोंगराएवढे ओंडके वाहतात गं," अस्लाक म्हणायचा, "त्यांना काय कळतंय?" थोराही तेच म्हणायला शिकली होती. चकती चुलीत घालताना तिच्यावरचा छाप मात्र ती बघत नसे. न बघितलेल्या गोष्टीची साक्ष द्यावी लागत नाही, असं तिचं आपलं शहाणपण.

पण त्या वर्षी नदीत एकट्या कंपन्यांचे ओंडके नव्हते. शेजारच्या ओडवारचेही होते. तो थंडीत आपल्याच रानात झाड तोडताना त्याखाली सापडला आणि गेला. त्याची बायको गुनिल्ड तीन पोरांसह मागे राहिली. ओंडके विकले गेले की रानाचे उरलेले हप्ते फिटणार होते. वसंतात ओंडके गेले, आणि अडसरापाशी मोजके काही पोचले. बाकीचे बुडाले असतील, असं तिथल्या माणसाने सांगितलं. आता रान जाणार, आणि पोरं एकेका शेतावर चाकरीला वाटली जाणार, हे ठरल्यातच जमा होतं.

थोराला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तिने शरदात आंबवायला घातलेल्या कोबीचं एक अख्खं पिंप गुनिल्डकडे पोचवलं. आत कोबी दाबून ठेवायला लाकडी दडपण होतं, वर धोंडा.

नाताळ जवळ आला तेव्हा एका सकाळी गुनिल्ड दारात उभी राहिली. तिच्या हातात ते दडपण होतं.

"ये ना, गुनिल्डताई. कोबी बिघडला की काय?"

"कोबी छान आहे." गुनिल्डने दडपण टेबलावर पालथं केलं. "हे बघ."

गुळगुळीत लाकडावर एक मासा उठून आला होता. रंध्याने कितीही तासलं, तरी घणाच्या घावाने दबलेलं लाकूड पाण्यात मुरलं की फुगून वर येतं. मासा डावीकडे तोंड करून होता. सगळा गाव त्या माशाला हसला होता, कारण लोहाराने हातोडा उलटा घडवला आणि ओडवारने तो हौसेने तसाच ठेवला. "माझा मासा प्रवाहाविरुद्ध पोहतो," असं तो सांगत फिरायचा.

थोराने मासा ओळखला.

"हे तुझ्याकडे कसं आलं गं?" गुनिल्डने विचारलं. आवाजात राग नव्हता. उलट ती माशावरून बोट फिरवत होती, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावं तसं.

"ओडवारभाऊंनीच दिलं होतं," थोरा बोलून गेली. "छाप मारत होते तेव्हा. एक तुकडा उरला होता, म्हणाले, घे झाकणाला."

गुनिल्डचं बोट थांबलं.

"ओडवारने छाप मारलेच नाहीत, थोरा. तो तेव्हा मातीत होता. हातोडा मी मारला. एकेका ओंडक्याला, दोन्ही टोकांना. हाताला फोड येऊन फुटले, तर चिंधी बांधून मारला."

थोराला कुठे बघावं कळेना. खोटं बोलायचं तेही धड जमलं नाही, याचीच तिला आधी लाज वाटली, आणि मग असल्या लाजेचीही लाज वाटली.

तेवढ्यात अस्लाक लाकडं फोडून आत आला. टेबलावरचा मासा बघून त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"अस्लाक," गुनिल्ड म्हणाली, "ओडवारची शवपेटी खांद्यावर घेतलीस, तेव्हा तू पुढे होतास ना?"

"वहिनी, देवाशपथ, मला माहीत नव्हतं. मोरिसी म्हणायचा काप, आम्ही कापायचो. ओंडका कुणाचा, कोण बघतो? हातात करवत असली की माणसाचं लक्ष टोकाकडे असतं का?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजतात लोक. तुम्ही कापून विकलेत."

"पण मी बघितलं नव्हतं, वहिनी!"

थोराला चुलीत घातलेल्या चकत्या आठवल्या. इतक्या चकत्या घरात आल्या, आणि एकीलाही अस्लाकने रंधा लावला नव्हता. तिने कोबीसाठी एक मागितली, तेव्हा मात्र तो बाहेर बाकावर बसून बराच वेळ तासत राहिला होता. झाकण नीट बसावं म्हणून, असं म्हणाला होता. बिचारा किती मन लावून काम करतो, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"बघितलं होतं," ती म्हणाली. "नाहीतर तासलंस कशाला?"

अस्लाकने तिच्याकडे असं बघितलं, जणू ही बाई कोण त्याला माहीतच नव्हतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "अगं, तोंड उघडलंस तर मला नेतील. तू खाशील काय? मोरिसी आपल्याला या काठावर राहू देईल?"

"नाही देणार," थोरा म्हणाली. खुंटीवरची शाल तिने काढली. "गुनिल्डताई, अडसरापाशी चल. तिथल्या माणसाला मी सांगते. बेट कुठलं, टोळी कुणाची, सगळं."

"थोरा!"

ती वळली नाही. वळली असती तर थांबली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाहेर पायवाटेवर गुडघाभर बर्फ होता. गुनिल्ड दडपण छातीशी धरून पुढे चालत होती. आता ती हात धरेल, निदान चार शब्द बोलेल, असं थोराला दर वळणावर वाटत होतं. एका ठिकाणी थोराचा पाय घसरला आणि ती पडली. गुनिल्ड थांबली. थोरा उठेपर्यंत थांबून राहिली, पण हात पुढे केला नाही. मग पुन्हा चालू लागली.