ओहोटीत गप झालेला सेट

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस सेट आहे, आणि चांगला धडधाकट असताना माझं नाव मेलेल्यांत घातलं गेलेलं आहे. तेही एकदा नव्हे, जवळजवळ रोज.

१९८१ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात माझी जोडणी झाली. राखाडी पत्र्याचा वजनदार डबा, पुढे लाल दिवा आणि डोक्यावर लांब एरियल. पहिली दहा वर्षं मी कोलशेतच्या एका कंपनीच्या फाटकावर काढली. ‘टँकर आला’, ‘टँकर सोडा’, एवढंच बोलायचं. पण मान होता. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. मग हातात मावणारे नवे सेट आले आणि माझी रवानगी गोदामात, खराट्यांशेजारी झाली. खोटं कशाला सांगू, तिथे मला फार वाईट वाटायचं.

तिथून मला मालन परब घेऊन गेली. ती कोपरीत राहायची, एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि पीएच.डी.साठी संशोधन करायची. तिचा विषय ऐकायला अवघड, पण मला कळला म्हणजे तुम्हालाही कळेल. तीन जणांनी तीन ठिकाणी बसून एकच वही लिहायची. एकाने लिहिलं की ते बाकी दोघांच्या वहीत उतरलं पाहिजे. मधे तार नाही, सगळं हवेतून. आणि तिघांतला एक मधेच गप झाला, तर उरलेल्या दोघांनी त्याचं काय करायचं? खरी मेख तिथे होती.

सरकारी परवाना हाती यायलाच नऊ महिने गेले. मग एक सेट कॉलेजात बसला, दुसरा कोलशेतच्या खाडीवरल्या धक्क्याच्या खोलीत, आणि मी दामाजी कोळ्याच्या होडीत. दामाजीने जाळं टाकलं की एक बटण दाबायचं, उचललं की दुसरं. मी ती नोंद धक्क्याला कळवायची, धक्क्याने कॉलेजला. वहीचा नियम मालनने स्वतः घातला होता. दहा मिनिटांत जो उत्तर देणार नाही तो मेला. त्याचं नाव खोडायचं, आणि नंतर तो बोललाच तर ऐकून घ्यायचं नाही.

आणि मी रोज मरू लागलो! रोज सकाळी मालन माझं नाव वहीत नव्याने घालायची, आणि रोज ते खोडलं जायचं. सोमवारी दहा वाजता गप, मंगळवारी अकराच्या सुमाराला, बुधवारी पावणेबाराला. मालनने तक्ते केले, बॅटऱ्या बदलल्या, पाच वेळा माझं पोट उघडून तारांना डाग दिले. माझ्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. पण आम्हा सेटांना पढवलेलंच बोलता येतं, आपल्या मनातलं नाही.

मालनचे मार्गदर्शक त्र्यंबकसर शिस्तीचे, घड्याळाच्या काट्यावर चालणारे. १९९४च्या जानेवारीत त्यांनी तिला बजावलं, “मालन, चार वर्षं झाली. पुढच्या महिन्यात समिती येईल. तेव्हाही तिसरा सेट असाच वागला, तर हा विषय बंद. नवा विषय घे, नाहीतर पीएच.डी. सोड.”

समिती आली ती नेमकी अकरा वाजता. धक्क्याने मला हाक मारली. मला ती ऐकूच आली नाही. दहा मिनिटं झाली आणि कॉलेजातल्या पडद्यावर माझ्या नावावर काट बसली. सर शांतपणे म्हणाले, “तो डबा होडीतून काढून आण आणि भंगारात दे.” मालन उठली. रिक्षा करून ती तडक कोलशेतला आली.

धक्क्यावर येऊन बघते तर खाडीच नाही! दूरवर नुसता चिखल. पाण्याची एक बारीक रेघ, तीही तिवरांच्या झाडीच्या पार पलीकडे. मालन आजवर दामाजीला भेटायची ती त्याच्या निघायच्या किंवा परतायच्या वेळी, आणि तेव्हा खाडी तुडुंब असायची. कोपरीत खाडीपासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या या विदुषीने रिकामी खाडी कधी धड पाहिलीच नव्हती.

धक्क्यावर दामाजीची बायको जाईबाई टोपली घेऊन बसली होती. मालनने घाबरून विचारलं, “जाईबाई, दामाजी कुठे आहेत? होडी दिसत नाही. सेटही बोलत नाही.”

“बस गो बाय जरा. वोट लागलीय, पानी उतरलंय. त्याची होरी चिखलान बसली असंल, तिवरांच्या मागं.”

“तुम्हाला काळजी नाही वाटत?”

जाईबाई हसली. “काळजी कसली? पानी आलं का उठंल. गप बसला म्हंजे मेला का मानूस?”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“आता वोटीचं काय सांगाचं? तू कंदी इचारलंस?”

मालन तिच्याशेजारी बसली. तिने पिशवीतले तक्ते मांडीवर उघडले. रोज पाऊण-एक तास पुढे सरकणारी माझी मरणवेळ हीच ओहोटीची वेळ होती. होडी चिखलावर टेकली की माझं एरियल तिवरांच्या आड बुडायचं आणि हवेतली वाट बंद व्हायची.

दुपार कलली, भरती आली, होडी उचलली गेली. तिवरांवर एरियल निघताच मी साठवलेल्या बावीस नोंदी एका दमात पाठवल्या. मालन धावत धक्क्यावरच्या खोलीत गेली. सेटचा दिवा लुकलुकत होता आणि तिथल्या पडद्यावर एकामागून एक ओळ उमटत होती. नोंद नाकारली. नोंद नाकारली. बावीस वेळा. हे शब्द फक्त धक्क्यावरच्या पडद्यावर उमटत, कॉलेजपर्यंत पोचतच नसत. पोरगी तिथेच रडली. तिने मला मूर्ख म्हटलं होतं, डबा म्हटलं होतं. आता ती पडद्यावर हात ठेवून म्हणाली, “तू बोलत होतास रे. मीच दार लावून घेतलेलं.”

पुढच्या तीन आठवड्यांत तिने नियम नव्याने लिहिला. गप झालेल्याचं नाव खोडायचं नाही. त्याचं पान कोरं ठेवायचं, उरलेल्यांनी काम चालू ठेवायचं, आणि तो परत आला की आधी त्याला विचारायचं, तुझ्याकडे काय आहे? सरांच्या हातापाया पडून तिने पुन्हा एक चाचणी मागून घेतली, आणि ती मुद्दाम ओहोटीवर ठेवली. सर भरती येईपर्यंत खुर्चीतून हलले नाहीत. माझी शेवटची नोंद वहीत बसली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “लिहायला घे.” पुढच्या वर्षी मालन डॉक्टर झाली.

मी तिच्या कपाटात गेलो. १९९९ साली तिने मला पिशवीत घालून नौपाड्याला सरांच्या घरी नेलं. सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, वाचा गेली होती. घरची माणसं वाईट नव्हती, पण ती सरांच्या समोर बसून सरांविषयी बोलत, सरांशी नाही. “त्यांना काही कळत नाही हो,” सूनबाई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मालनने मला टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “सर, ओळखलंत का याला?”

उत्तर नाही. मालन हलली नाही. चहा आला, गार झाला, साय धरली. सरांचे ओठ दोनदा हलून थांबले. मालनने वाक्य पुरं करून दिलं नाही, की विषय बदलला नाही. शेवटी सरांनी उजवा हात कसाबसा माझ्या पत्र्यावर ठेवला.

“चालू... आहे?”

सूनबाईच्या हातातली बशी खाली पडली. दोन महिन्यांत त्या घरात कुणी तो आवाज ऐकला नव्हता.

“चालू आहे सर,” मालन म्हणाली.

माझ्यात तेव्हा बॅटरीसुद्धा नव्हती. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची धूळ पुसा, जमेल तेवढी डागडुजी करा, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण त्याआधी आणखी एक मागतो. तुमच्या घरात कुणी गप झालेलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याला काहीतरी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.