घर स्वच्छ, मांजर गुणी

पंख्यांच्या कारखान्यात मी तपासनीस होते. पट्ट्यावरून पंखा समोर यायचा, मी तो फिरवून बघायची, कान देऊन ऐकायची, आणि मग एकतर शिक्का बसायचा नाहीतर पंखा बाजूला निघायचा. बाजूला काढलेल्या पंख्यांवरून मुकादमापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी माझ्याशी भांडून पाहिलं. खरखरणारा पंखा मी बाहेर जाऊ दिला नाही. आमचे हे माझ्या अगदी उलट. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले असोत की मान वाकडी, हातात पाकीट देताना "झकास आलाय" म्हणण्यात यांचा जन्म गेला.

दोघंही निवृत्त झाल्यावर आम्ही लोकांची घरं सांभाळायला लागलो. हौस म्हणून नाही. आमच्या दोन खोल्यांत मुलगा, सून आणि जुळी नातवंडं. पोरं गोड आहेत, पण दुपारी पाठ टेकावी तर ती कुणाच्या तरी खेळण्यावर, आणि सुनेचं तोंड बघून दिवसाचा अंदाज घ्यायचा. शेजारणीने मग ती वेबसाइट दाखवली. मालक बाहेरगावी जातात, आपण त्यांच्या घरी राहायचं, मांजर-कुत्रं सांभाळायचं, झाडांना पाणी घालायचं. मुक्काम संपला की त्यांनी आपल्याबद्दल अभिप्राय लिहायचा आणि आपण त्यांच्याबद्दल. दोघांचं लिहून झाल्याशिवाय कुणाचंच उघडत नाही, म्हणजे बदला घ्यायची सोय नको. अभिप्राय चांगले असले की पुढचं घर मिळतं.

ऐकायला किती न्यायाचं! प्रत्यक्षात सगळे सगळ्यांना पाच तारे देऊन मोकळे होतात. नळ गळत असला तर 'जुन्या वळणाचं घर', कुत्रं चावरं असलं तर 'खेळकर', आणि गादीत स्प्रिंग टोचत असली तर 'झोप सावध लागणाऱ्यांसाठी उत्तम'. हे शेवटचं यांनीच लिहिलं होतं. मी विचारलं, "पाठीला तेल कोण चोळतंय तुमच्या?" तर म्हणाले, "अगं, आपल्याला पुढचं घर हवंय ना?"

हवं होतंच. म्हणून मीही दात-ओठ खात गप्प बसायची.

तर ज्या घराची ही गोष्ट, ते एका इंजिनीअरबाईंचं. पूल तपासायचं काम, सारखे दौरे. लग्न केलेलं नाही, घरात वडील आणि एक करडं मांजर. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं की वडील स्वतःचं सगळं स्वतः करतात, त्यांच्याकडे बघावं लागत नाही, फक्त मांजराचं आणि बाल्कनीतल्या झाडांचं करायचं. फोनवर मी विचारलं होतं, "मग वडीलच का नाही करत?"

"आधी करायचे हो काकू. हल्ली म्हणतात कंटाळा येतो. वय झालं की हट्टी होतात माणसं," ती हसून म्हणाली. "एकच विनंती. वस्तू जिथल्या तिथे ठेवा. मला शिस्तीची सवय आहे, बाबांचीच शिकवण."

आधीचे अभिप्राय मी सगळे वाचले. एकजात पाच तारे. 'काका अतिशय प्रेमळ.' 'काकांच्या गप्पा म्हणजे मेजवानी.' 'काकांचा उत्साह तरुणांना लाजवेल.' मांजराबद्दल कमी आणि काकांबद्दल जास्त.

काका खरंच प्रेमळ निघाले. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, कपडे परीटघडीचे, बोलणं मोजकं पण मिश्कील. सकाळी पेपर घेऊन बसायचे आणि मोठे मथळे वाचून दाखवायचे. पुढची बातमी मात्र यांच्याकडून वाचून घ्यायचे. "फोटोग्राफरचा आवाज ऐकू दे की, आयुष्यभर फक्त 'हसा' म्हणालात," असं म्हणायचे, आणि आमचे हे खूश होऊन अख्खा पेपर वाचायचे. मांजराच्या गळ्यात घुंगरू होतं. ते कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "कबुतरांवर झडप घालतं ना." त्या बाल्कनीत मला कबूतर काही दिसलं नाही, पण म्हटलं असेल.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून खिडकीजवळ नेली. ऊन चांगलं आलं होतं. उठले ते खुर्ची तशीच ठेवून, आमच्या घरात ठेवतात तशीच. थोड्या वेळाने काका चहाचा कप घेऊन तिथून गेले. भर दुपारचा उजेड, खुर्ची लाल रंगाची, आणि हा माणूस मुळीच न थबकता सरळ तिच्यावर आदळला. कप फुटला, नडगी सोलून निघाली, कपाळाला टेंगूळ आलं.

"पाय अडखळला," काका म्हणाले.

मी जखम पुसायला समोर बसले. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे. मी डावीकडे सरकले. नजर तिथेच राहिली.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही."

हे म्हणाले, "अगं, काय बोलतेस?"

काकांनी टेंगळावरून हात फिरवला. मग म्हणाले, "एका डोळ्याने काही नाही. दुसऱ्याने नळीतून बघावं तेवढं. ते पण कमी होतंय." घुंगरू त्यांनीच बांधलं होतं, मांजर पायात आलं तर कळावं म्हणून. मांजराच्या वाटीत दूध ओतताना बाहेर सांडायला लागलं तेव्हा त्यांना कंटाळा यायला लागला. घरात त्यांना हिंडताफिरता येत होतं, कारण वर्षानुवर्षं तिथली एक वस्तू हललेली नव्हती. मुलगी शिस्तीने सगळं जागेवर ठेवायची आणि त्या शिस्तीमुळेच तिला कधी कळलं नव्हतं. खुर्च्या हलवायचे ते फक्त आमच्यासारखे पाहुणे.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"डॉक्टरकडे तीच नेणार ना. मग तिला कळणार."

"कळू दे की!"

"वहिनी, तिला ही जागा मिळायला किती वर्षं गेली माहितेय? तिच्या हाताखालचे पुरुष पुढे गेले आणि ही टेबलावर बसून त्यांच्या फायली लिहीत होती. आता कुठे पुलावर उभी राहते. माझं कळलं तर दुसऱ्या दिवशी दौरे सोडेल ती. मी ओळखतो माझ्या मुलीला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आधीचे सगळे समजूतदार होते. सगळ्यांना कळलं होतं. कुणी लिहिलं नाही."

आमच्या ह्यांनी लगेच त्यांचा हात हातात घेतला. "आम्हीसुद्धा नाही लिहिणार. शब्द देतो."

मला इतका संताप आला की मी उठून फुटलेला कप गोळा करायला गेले. राग कुणाचा, हेही धड कळेना. काकांचा तर नाहीच. त्या सगळ्या गोड माणसांचा होता, ज्यांनी ह्या घरात चहा प्यायला, ह्या माणसाला चाचपडताना पाहिलं, आणि जाताना लिहिलं की काकांचा उत्साह तरुणांना लाजवेल.

संध्याकाळी हे फिरायला गेले तेव्हा मी इंजिनीअरबाईंना फोन लावला. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"बाबा पडले? फार लागलं का?" तिने काळजीनेच विचारलं. लागलं फार नाही, पण त्यांना दिसत नाही, असं मी सांगितल्यावर मात्र ती हसली. "काकू, बाबा रोज पेपर वाचतात."

"मथळे वाचतात. बाकीचा आमचे हे वाचतात."

"तुम्ही खुर्ची वाटेत ठेवली होती का?" मी हो म्हटलं. "मी सांगितलं होतं ना, वस्तू जिथल्या तिथे ठेवा म्हणून?" आता तिचा आवाज साहेबी झाला. "हे बघा, गेली काही वर्षं इतकी माणसं आमच्याकडे राहून गेली. एकाने तरी असं लिहिलंय का? तुम्ही स्वतः वाचा. मी पूल तपासते, काकू. इतक्या जणांचा अहवाल एक आणि एकाचाच वेगळा असला, तर आम्ही आधी त्या एकाचं उपकरण तपासतो."

तिची चूक काढावी तरी कशी? ती जबाबदारी टाळत नव्हती. तिच्यापुढे खरोखरच शिक्के मारलेले कागद होते, आणि शिक्क्यावर विश्वास तिच्या जागी मीही ठेवला असता.

मुक्काम संपला. तिची गाडी यायच्या आत आम्हाला आमची गाडी गाठायची होती, म्हणून किल्ली काकांच्या हातात देऊन निघालो. काका दारापर्यंत आले, यांना मिठी मारली आणि मला म्हणाले, "वहिनी, सांभाळून लिहा."

घरी आल्यावर आमची जुंपली. मुलगा-सून बाहेर गेले होते म्हणून बरं.

"मी शब्द दिलाय," हे म्हणाले.

"तुम्ही दिलाय. मी नाही."

"खातं दोघांच्या नावावर आहे. अगं, तिला कळेल कधी ना कधी. आपण कशाला मध्ये? आणि समुद्राकाठचं ते घर मिळायचंय अजून, ते लोक अभिप्राय वाचूनच ठरवणार आहेत."

"उरलेला डोळा जाईल तोवर. मग काय लिहायचं, अंधारातही उत्साही?"

मी लिहायला बसले. जास्त काही लिहिलं नाही.

'घर स्वच्छ. मांजर गुणी. झाडांना पाणी एक दिवसाआड पुरतं. घरातल्या काकांना एका डोळ्याने अजिबात आणि दुसऱ्याने फार थोडं दिसतं. त्यांच्या मुलीला हे माहीत नाही. आमच्या आधी इथे राहून गेलेल्यांना माहीत होतं. पुढे येणाऱ्यांनी खुर्ची हलवू नये. मुलीने त्यांना या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं.'

घराला पाच तारे दिले. जाहिरातीतल्या माहितीच्या खरेपणाला एक.

हे मागे उभे राहून वाचत होते. "काकांना वाईट वाटेल," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

तिचा अभिप्राय आधीच येऊन थांबला होता, माझा गेल्याबरोबर उघडला. 'काम चोख, पण सूचना पाळत नाहीत आणि घरच्या गोष्टींत नको तितकं नाक खुपसतात.' तारे दोन. समुद्राकाठच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी नम्रपणे कळवलं की त्यांचा बेत बदलला आहे. आमच्या ह्यांनी माझ्याशी अबोला धरला. दोन खोल्या आणि सहा माणसांत अबोला धरणं म्हणजे चेष्टा नाही, पण यांनी निभावला. चहा हवा असला तर नातवाकडून निरोप यायचा. मी वरून ताठ होते, पण खरं सांगायचं तर मला फार एकटं वाटत होतं. कारखान्यात पंखा बाजूला काढला की तो निदान दुरुस्तीला जायचा. इथे माझ्या लिहिण्याचं काय झालं, हे कळायला मार्ग नव्हता.

फोन आला तो दुपारी. इंजिनीअरबाईंचा.

"काकू, तुमचं वाचून मला खूप राग आला होता," तिने सुरुवातच तशी केली. "खोटं पाडायचं म्हणून मी एकदा कामावरून लवकर आले. आवाज न करता दार उघडलं आणि स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून उभी राहिले. बाबा आले. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. ग्लास घेतला, त्यात बोट बुडवून धरलं आणि बोटाला पाणी लागेपर्यंत ओतलं. प्यायले. परत गेले. मी तिथेच होते हो काकू. मी समोरच होते."



तिने मग बाकीचं भराभर सांगितलं. काचबिंदू. एक डोळा गेलाच. दुसऱ्यातलं जे उरलंय ते थेंब टाकून राखता येईल, गेलेलं परत येणार नाही. डॉक्टरने विचारलं, इतके दिवस काय करत होता? दौरे तिने सध्या बंद केलेत, पुलावर दुसऱ्याला पाठवलंय.

"काका काय म्हणतात?"

"माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्याशी तर नाहीच बोलणार म्हणाले."

"माझ्याशी इथेही कुणी बोलत नाही सध्या," मी म्हटलं. ती हसली नाही.

"काकू, एक विचारायचं होतं. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे? आधीच्या सगळ्यांना माहीत होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. अगदी आतून वाटलं, की एकदा म्हणावं, नाही गं, माझा अंदाज होता. पण तो माझा स्वभाव नाही.

"हो गं," मी म्हटलं. "काकांनीच सांगितलं मला."



"किती गोड लिहायचे सगळे," ती म्हणाली. "आणि मी त्या प्रत्येकाला पाच तारे दिले. लिहिलं, की बाबांना अगदी घरच्यासारखं सांभाळलं."

मग तिला रडू आलं. मी फोन धरून बसून राहिले. आमचे हे दारात येऊन उभे होते, त्यांनी अबोला मोडून हळूच विचारलं, "कोण आहे?" आणि मी त्यांच्या हातात फोन दिला.