परातीतलं निळं पाणी

दिंडोरीच्या अलीकडे पत्र्याच्या शेडखाली सकाळपासून रांग लागली होती. सगळे फवारणीवरचे मजूर, थेट द्राक्षबागेतून उठून आलेले. हात धुऊन यायचं नाही, असा निळकंठबाबाचा दंडकच होता. हात धुतले की म्हणे विष आत पळतं.

बाबा एकेकाचे हात पांढऱ्या परातीतल्या नितळ पाण्यात बुडवी, डोळे मिटी, आणि पाणी निळं होई. रांगेतून हात जोडले जात. "देवानं समुद्रातलं विष पचवलं, मी फवाऱ्यातलं ओढतो," तो घोगऱ्या आवाजात सांगे. "निळं उतरलं की तू मोकळा. उद्या खुशाल पंप पाठीवर घे." धुपाचा धूर एवढा, की देवालाही ठसका लागावा.

पूजा हे बघत उभी होती. औषध फवारणीचा मजुरांच्या रक्तावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत ती कामाला होती. दोन महिन्यांपूर्वी तिनंच बहिरू नावाच्या मजुराचं रक्त घेतलं होतं. 'फवारणी ताबडतोब थांबवा' हा अहवाल सहा आठवड्यांनी आला. तो घेऊन ती पोचली, त्या दिवशी बहिरूचा दहावा होता.

आता त्याची बायको नवसाबाई फवारणीवरूनच आलेल्या मुलाला, नवनाथला, धरून रांगेत उभी होती. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"मावशी, याला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"ताई, तुमी रगत नेलं, कागदावर अंगठा बी नेला," नवसाबाई म्हणाली. "काय निघालं ते हे गेल्यावर सांगितलं. बाबा बसल्या जागी दावतो."

पूजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं.

"बहिरूकाकांचंही पाणी निळं झालं होतं?"

"लय निळं. दुसऱ्या दिशी फवारतानाच पडले." बोलता बोलता नवसाबाई थबकली.

धुपाखालून नाकाला झोंबणारा दर्प येत होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला हा अमोनियाचा वास पूजाच्या ओळखीचा होता. तिनं शेजारच्या बागेतलं फवारलेलं पान तोडलं आणि बाबानं भरलेल्या नव्या पाण्यात टाकलं. पाणी निळं झालं.

"बाबा, या पानाला कुणाची बाधा झाली?"

"पानावर... छाया पडली आसंल," बाबा चाचरला.

पूजानं नवनाथचे हात साबणानं स्वच्छ धुतले आणि बाबाच्याच पाण्यानं पुन्हा भरलेल्या परातीत बुडवले. पोरगं धापा टाकत होतं, पाणी मात्र नितळच राहिलं.

"याच्या अंगात विष नाही म्हणता?" मग ती रांगेकडे वळली. "या पाण्यात नवसागर आणि चुना आहे, त्याचाच हा झोंबणारा वास. तुम्ही बुरशीवर फवारता त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, ते हाताला लागून येतं आणि इथं निळं होतं. ज्यानं माणूस मरतो ते किडीचं औषध कातडीतून, श्वासातून रक्तात गेलेलं असतं. ते परातीत उतरत नाही."

बाबा मागच्या मागे सटकला. नवनाथला पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं सुरू झाली, तिसऱ्या दिवशी त्यानं आईला हाक मारली.

"ह्यांना बी ही सुई मिळाली असती तर?" नवसाबाईनं विचारलं.

"कदाचित वाचले असते," पूजा म्हणाली. खोटा दिलासा तिला देववेना.

चक्कर आली, लाळ गळू लागली, तर अंग साबणानं धुवा, कपडे बदला, दवाखाना गाठा. आणि रक्त नेणाऱ्यांनो, उत्तर घेऊन वेळेत परत या. तुम्ही आला नाहीत तेव्हाच बहिरू त्या परातीपाशी गेला.