खाणीजवळची एकशे अडुसष्ट मतं

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि विधानसभेला ते पाच वेळा पडले होते. दर वेळी डिपॉझिट जप्त. गल्लीत त्यांचं नावच ‘उमेदवार’ पडलं होतं. शेजारणी आईला ‘उमेदवारीणबाई’ म्हणायच्या आणि ती कपाळाला हात लावायची.

पाचव्या निकालानंतर मी सहज केंद्रवार आकडे चाळत होते. कुठे चार मतं, कुठे नऊ, आमच्याच गल्लीत सव्वीस. आणि खाणीजवळच्या वस्तीत एकशे अडुसष्ट! मी मागचे कागद काढले. पहिल्या निवडणुकीपासून तिथे दीडशेच्या खाली आकडाच नाही.

“बाबा, खाणीकडे आपलं कोण आहे?”

“कोणी नाही गं. तिकडे मी कधी फिरकलोही नाही.”

दोघांनाही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही बसने निघालो.

वस्तीच्या तोंडाशीच एक शिवणवाली बाई दारात मशीन घेऊन बसली होती. बाबांना पाहताच तिचा पाय थांबला. “अगंबाई, मतदानाच्या मशीनवरच्या फोटोतले तुम्हीच ना?” तिने हाका मारून आठ-दहा जण गोळा केले. कुणीतरी खुर्ची आणली.

बाबांनी आडपडदा न ठेवता विचारलं, “तुम्ही मला मत का देता?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी शिवणवालीच बोलली. “खरं सांगू? पहिल्यांदा आम्ही रागाने यादीतलं शेवटचं बटण दाबलं. ते तुमचं निघालं. आमदार हबकले. ह्या माणसाने असं काय दिलं म्हणून विचारत आले आणि महिन्याभरात नळ आला. पुढच्या खेपेला रस्ता. मग शाळेची खोली.”

“म्हणजे मी पडतो म्हणून...”

“तुम्ही उभे राहता म्हणून.” ती जरा घुटमळली. “फक्त निवडून येऊ नका, साहेब. मग आमच्याकडे कोण बघेल?”

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना लागलं असणार. घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “झालं ना समाधान? आता पुरे.”

पण सहाव्यांदा त्यांनी अर्ज भरलाच. या वेळी भाषणं नाहीत. वस्त्यावस्त्यांतून फिरत ते सरळ सांगायचे, “मी निवडून येणार नाही. पण मला मत द्या आणि गंमत बघा.” लोक हसायचे, त्यांना बसवून घ्यायचे, मग आपली गाऱ्हाणी सांगायचे. बाबा ती वहीत उतरवून घ्यायचे.

मोजणीच्या दिवशी चौथ्या फेरीला ते दुसऱ्या क्रमांकावर होते. रेडिओजवळ बसलेल्या बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. “अहो, आलो तर काय करायचं?” त्यांनी आईला विचारलं.

“आधी पाणी प्या,” आई म्हणाली.

शेवटी ते तिसरे आले. आठवड्याभराने नवे आमदार दुकानात आले, चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून. तपासणी झाल्यावरही ते उठेनात. मग हळूच म्हणाले, “ती वही जरा बघायला मिळेल का?”