कोडोलीचं शेत

गुरांच्या डॉक्टरांनी मेंढीची पापणी उलटून पाहिली आणि हात धुतले.

"बुळकांडीचा रोग गेलाय. पण महिनाभर यांना हलवू नका. हा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशी मारतो. रोगाशी लढायचं काम त्यांचं. त्या पुन्हा भरेपर्यंत साधा खोकलाही जड जाईल."

"खोकला तर दर थंडीत असतोय ह्येस्नी," बनाबाई म्हणाली. "त्यानं कुटं मेंढरू मरतंय व्हय?"

"एरवी मरत नाही. आता मरेल."

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. संध्याकाळी बनाबाईचा नवरा गुंडू हातकणंगल्याच्या बाजारातून बातमी घेऊन आला. कोडोलीच्या कृष्णात पाटलांनी यंदा शेतात खतासाठी मेंढरं बसवायला चिमणाबाईला बोलावलं होतं. चिमणाबाई ही बनाबाईची धाकटी जाऊ. वेगळी झाल्यापासून तिचा कळप कागलकडे चरायचा, म्हणून तो रोगातून सुटला होता.

बनाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या शेताला लेंडीखत तिच्याच मेंढरांचं. पाटलीणबाई तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची. तो गोळा आता चिमणीच्या भाकरीवर पडणार, एवढंच तिला दिसत राहिलं.

"उद्या निघायचं," ती म्हणाली.

"डाक्टर काय म्हनला, ऐकलंस न्हवं?"

"त्येला काय! त्येला जाऊ न्हाय."

गार वाऱ्यात, धुळीतून त्यांनी कळप कोडोलीला नेला. चिमणाबाईची मेंढरं आधीच बसली होती.

"आलायसा तर ऱ्हावा," पाटील म्हणाले. "पर खालच्या तुकड्यात. तिच्यापास्नं लांब."

दोन दिवसांत मेंढरं खोकू लागली. नाकं घट्ट शेंबडानं भरली, बरगड्या भात्यासारख्या हलू लागल्या. बुळकांडीसारखे तोंडात फोड नव्हते, हगवण नव्हती. दरवर्षीचाच खोकला होता. आठवडाभरात निम्मा कळप गेला.

चिमणाबाई कुदळ घेऊन आली.

"आक्का, तू बस. म्या खांदतो."

"नगं. माजी म्या पुरतो."

"खोल खांदाय लागंल. कुत्री उकरत्यात." चिमणाबाईनं पदर खोचला आणि कुदळ घातली.

वरच्या तुकड्यात तिची मेंढरं रवंथ करत होती. माती ओढता ओढता बनाबाई थांबली. तिकडं कान देऊन उभी राहिली. एक तरी खोकेल. एक तरी.

"काय गं, आक्का?"

"काय न्हाय," बनाबाई म्हणाली आणि वाकून तिनं मेलेल्या मेंढीचे पुढचे पाय धरले. "धर तिकडनं."